माळ आणि मणी

संगणकशास्त्रानें इंग्रजी भाषेकडून जे शब्द उसने घेतले आहेत, त्यांतले दोन असे आहेत कीं, ते ऐकतांच मला एखाद्या आजीबाईंच्या विणकामाच्या टोपलीची आठवण होते. एक ‘स्ट्रिंग’ आणि दुसरा ‘लूप’. पहिल्याचा सरळ अर्थ दोरा आणि दुसऱ्याचा अर्थ त्या दोऱ्याचा वेढा. पुण्यामुंबईचीच नव्हे, तर तालुक्याच्या गांवचीं मुलेंहि हे शब्द आतां इतक्या सहजतेनें तोंडांत घोळवितात कीं, घरांतल्या वडील माणसांना प्रश्न पडावा, आपला मुलगा प्रोग्रॅम लिहीत आहे कीं मोजे विणीत आहे! ‘स्ट्रिंग उलटी होत नाहीं’, ‘लूप थांबतच नाहीं’ अशीं वाक्यें जेवतांना कानांवर पडतात आणि आईबाप एकमेकांकडे पाहून मुकाट्यानें भात कालवूं लागतात. या मुकेपणाचा मला कंटाळा आला, एवढेंच माझ्या या विषयांतील प्रवेशाचें कारण.

माझा पेशा भाषा शिकविण्याचा. गेलीं अठ्ठावीस वर्षें मी कॉलेजांत काव्य आणि छंद हे विषय शिकवीत आलों आहें. आमच्या कॉलेजांत कलाशाखेच्या मुलांसाठींहि ‘पायथन’ या भाषेचा एक लहानसा वर्ग सुरू झाला, तेव्हां त्या वर्गाच्या तरुण शिक्षकांची परवानगी घेऊन मी मागच्या बांकावर जाऊन बसूं लागलों. पायथन म्हणजे अजगर. पण त्या नांवाला भिण्याचें कारण नाहीं. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं 1991 सालीं ही भाषा प्रथम प्रसिद्ध केली, आणि तिचें नांव त्यांनीं सापावरून नव्हे, तर ‘माँटी पायथन’ या इंग्रज विनोदी मंडळीच्या कार्यक्रमावरून ठेवलें. ज्या भाषेचें बारसें विनोदानें झालें आहे, ती पन्नाशी उलटलेल्या विद्यार्थ्याला फार छळणार नाहीं, अशी मनाची समजूत घालून मीं वही उघडली.

स्ट्रिंग म्हणजे काय, हें समजण्यास फारसें अवघड नाहीं. यंत्राच्या दृष्टीनें शब्द म्हणजे ओंवलेली माळ. तींत एकापुढें एक मणी आहेत, आणि प्रत्येक मण्याला क्रमांक आहे. हे क्रमांक मात्र एकापासून नव्हे, तर शून्यापासून सुरू होतात. नवख्याला ही गोष्ट प्रथम विचित्र वाटते. पण इमारतींत तळमजला सोडून वरच्या मजल्याला आपण ‘पहिला’ म्हणतोंच कीं नाहीं? मण्याचा क्रमांक म्हणजे त्याच्या आधीं किती मणी गेले तें. पहिल्याच्या आधीं एकहि गेलेला नाहीं, म्हणून त्याचा क्रमांक शून्य. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानें 1982 सालीं एक छोटेंसें टिपण लिहून या शून्यारंभाचें समर्थन केलें आहे, आणि तें वाचल्यावर वाद घालण्याची इच्छा फारशी उरत नाहीं.

लूप म्हणजे या माळेवरून बोट फिरविणें. आपल्याकडे याला जप म्हणतात. मणी एकेक करून बोटाखालून सरकवावा, प्रत्येक मण्याला तेंच नाम घ्यावें, आणि मेरुमणि आला कीं थांबावें. एकशेंआठ वेळां नाम घ्या असें सांगण्यासाठीं एकशेंआठ ओळी लिहाव्या लागत नाहींत. ‘मेरुमणि येईपर्यंत’ एवढें सांगितलें कीं पुरे. लूपचें सारें सामर्थ्य या संक्षेपांत आहे, आणि त्याचा सारा धोकाहि त्यांतच आहे. मेरुमणि विसरला तर काय होतें, तें आपल्या लोककथाकारांना चांगलें ठाऊक होतें. न संपणारी गोष्ट ऐकण्याचा हट्ट धरणाऱ्या राजाला सांगितलेली ती चिमणीची गोष्ट सर्वांनीं ऐकली असेलच: एक चिमणी आली, एक दाणा घेऊन भुर्रकन उडून गेली; मग दुसरी चिमणी आली, एक दाणा घेऊन भुर्रकन उडून गेली. राजा कंटाळला, पण कोठार कांहीं रितें होईना. आमच्या वर्गांत पहिल्याच आठवड्यांत दहापांच मुलांच्या पडद्यांवर अशा चिमण्या उडूं लागल्या होत्या.

‘तेंच पुन्हां’ ही कल्पना यंत्राइतकीच जुनी आहे. चार्ल्स बॅबेजच्या विश्लेषक यंत्राविषयीं एडा लव्हलेस या बाईंनीं 1843 सालीं ज्या टिपा प्रसिद्ध केल्या, त्यांच्या शेवटच्या टिपेंत बर्नुलीच्या संख्या काढण्याची रीत आली आहे. त्या रीतींत क्रियांचा एक ठराविक गट पुन्हां पुन्हां करावयाचा आहे. तें यंत्र कधींच पुरें झालें नाहीं. फेरा मात्र कागदावर आधींच फिरून गेला! आपल्या घरांतला याहून ओळखीचा फेरा म्हणजे बाराखडी. क, का, कि, की असें बारा घरें फिरून मूल पुन्हां ‘ख’पाशीं येतें आणि तींच बारा घरें पुन्हां फिरतें. बाहेरचा फेरा व्यंजनांचा, आंतला स्वरांचा. चौतीस व्यंजनें आणि बारा घरें मिळून 408 अक्षरें होतात. तीं पाठ करणाऱ्या मुलानें फेऱ्यांत फेरा कसा घालावा, याचा धडा पाटीवरच गिरविलेला असतो.

येथवर सर्व सुरळीत चाललें होतें. अडखळलों तें तिसऱ्या आठवड्यांत. त्या दिवशींचा अभ्यास असा होता कीं, एखादा शब्द घ्यावा, त्याचे मणी शेवटाकडून एकेक उचलून पुन्हां ओंवावे, आणि उलटा शब्द सुलट्यासारखाच आहे कीं काय तें पाहावें. ही नवशिक्यांची सर्वत्र ठरलेली कसरत आहे. ‘मॅडम’, ‘लेव्हल’ असे इंग्रजी शब्द रोमन लिपींत टाइप करून मुलें आनंदानें टाळ्या वाजवीत होतीं. माझ्या शेजारीं माणदेशांतून आलेली, सारें शिक्षण मराठी शाळेंत झालेली एक मुलगी बसत असे. तिनें सहजच ‘मराठी’ हा शब्द घातला. तो उलटला तर ‘ठीराम’ व्हावयास पाहिजे. शाळेंत उलट्या भाषेंत बोलण्याचा खेळ खेळलेलें कोणतेंहि मूल तेंच सांगेल. पडद्यावर मात्र प्रथम एक ठिपक्याठिपक्यांचें पोकळ वर्तुळ उमटलें, त्याला एक बेवारशी वेलांटी लटकलेली, आणि तिच्यापुढें ‘ठारम’ अशीं अक्षरें. ‘रा’चा काना ‘ठ’ला जाऊन चिकटला होता आणि ‘ठी’ची वेलांटी घराबाहेर पडली होती.

तिला हें खरें वाटेना. लहानपणीं घोकलेलें ‘ती होडी जाडी होती’ हें वाक्य तिनें मोकळ्या जागा गाळून घातलें. सुलट वाचा कीं उलट वाचा, तें तेंच राहतें. पण यंत्रानें निःशंकपणें उत्तर दिलें कीं, हें सारखें नाहीं. मागच्या बांकांवर थोडें हंसूं झालें. शिक्षक सज्जन होते, ते म्हणाले, “सध्यां इंग्रजी शब्दच घ्या. देवनागरींत असे घोटाळे होतात.” त्यांच्या बोलण्यांत तुच्छता नव्हती, तास संपत आला होता आणि अभ्यासक्रम पुरा करावयाचा होता. पण वर्गाबाहेर पडतांना ती मुलगी मला हलक्या आवाजांत म्हणाली, “सर, आपली भाषाच या कामाला कमी पडते का हो?”

हा प्रश्न मला आजवर परीक्षेंत घातलेल्या कोणत्याहि प्रश्नाहून जड वाटला. कारण तो केवळ कुतूहलाचा नव्हता. पुढच्या तासापासून ती आपल्या वहींतलीं मराठी उदाहरणें रोमन लिपींत लिहूं लागली. स्वतःचें नांव घालावयाचें झालें तरी तें तिच्या आईनें तिला ज्या लिपींत शिकविलें त्या लिपींत ती घालीना. एका पोकळ वर्तुळानें तिच्या मनांत असा समज उत्पन्न केला होता कीं, शहाण्या गोष्टी करावयाच्या असतील तर आपलें बोलणें उंबरठ्याबाहेर जोड्यांबरोबर काढून ठेवावें. असा समज बोलून दाखविला जात नाहीं आणि म्हणूनच तो खोडूनहि काढला जात नाहीं. मनुष्य तो जन्मभर बाळगतो आणि पुढें आपल्या मुलांना वारसा म्हणून देतो.

तेव्हां यंत्रानें असें कां केलें, तें पाहणें भाग होतें. देवनागरी अक्षरें संगणकांत ज्या संकेतानें सांठविलीं जातात त्याचें नांव युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति 1991 सालीं निघाली. त्यांत देवनागरीच्या वाट्याला एकशेंअठ्ठावीस जागांचा एक वाडा आला आहे. वर सांगितलेलीं बाराखडीचीं 408 अक्षरें आणि त्यांशिवाय अगणित जोडाक्षरें या वाड्यांत मावावींत कशीं? म्हणून व्यंजनाला एक जागा, कान्याला एक, वेलांटीला एक, मात्रेला एक, आणि पाय मोडण्याच्या चिन्हाला एक अशी वाटणी झाली. ‘मराठी’ म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, असे पांच मणी. माळ उलटली कीं वेलांटी पहिली येणारच, आणि काना ज्याच्या मागें सांपडेल त्याला चिकटणारच. यंत्रानें आज्ञा तंतोतंत पाळली होती.

ही वाटणी कोणा परक्यानें आपल्यावर लादली, अशी ओरड करण्याचेंहि कारण नाहीं. भारतांतच तयार झालेल्या ‘इस्की’ नांवाच्या संकेताच्या 1988 सालच्या आवृत्तीवरून ती घेतलेली आहे, आणि ती करणारांनीं कानाला प्रमाण मानलें आहे. ऱ्हस्व ‘कि’ लिहितांना वेलांटी डोळ्यांना आधीं दिसते आणि ‘क’ नंतर. जुन्या टंकलेखन-यंत्रावर ती कळहि आधीं दाबावी लागे. पण युनिकोडांत ‘क’ आधीं येतो आणि वेलांटी नंतर. कारण उच्चारांत आधीं व्यंजन आणि मग स्वर. हें पाहून माझ्यासारख्या छंदाच्या शिक्षकास मनापासून समाधान वाटलें.

तरीहि एक प्रश्न उरतोच, आणि माझ्या मतें या साऱ्या प्रकरणाचें मर्म त्या प्रश्नांत आहे. शब्द किती लांब आहे? चांदण्याला आपल्या भाषेंत ‘ज्योत्स्ना’ असा सुंदर शब्द आहे. त्यांत अक्षरें किती, असें बालवर्गांतल्या मुलाला विचारा. तें टाळ्या वाजवून सांगेल, दोन: ज्यो आणि त्स्ना. पायथनला विचारा, तो सांगेल, दहा: चार व्यंजनें सुटीं, तीन पाय मोडण्याचीं चिन्हें, एक ‘ओ’ची मात्रा, एक काना... पण थांबा, हे तर नऊच झाले! व्यंजनें पुन्हां मोजा: ज, य, त, स, न, अशीं तीं पांच आहेत. जोडाक्षराच्या पोटांत दडलेलें व्यंजन डोळ्याला असें चकवा देतें. यंत्राला तें चकवीत नाहीं. आणि हाच शब्द तारेवरून पाठविण्यासाठीं किंवा चकतीवर सांठविण्यासाठीं किती जागा लागते असें विचाराल, तर उत्तर येईल, तीस बाइट. केन टॉम्सन आणि रॉब पाइक यांनीं 1992 सालीं जी ‘यूटीएफ-आठ’ नांवाची रीत बसविली, तिच्यांत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो आणि देवनागरीच्या प्रत्येक मण्याला तीन लागतात. एकाच शब्दाच्या लांबीला दोन, दहा आणि तीस अशीं तीन उत्तरें मिळालीं, आणि तिन्ही खरीं!

इंग्रजी शब्दांच्या बाबतींत हीं तिन्ही उत्तरें बहुधा एकच असतात. म्हणून इंग्रज नवशिक्याला आपण तीन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या हें कधीं कळतच नाहीं. सपाट रस्त्यावरून चालणाराला आपण चढतों आहों कीं उतरतों आहों याचा विचार करावा लागत नाहीं, तशांतला हा प्रकार. मराठी विद्यार्थ्याला मात्र पहिल्याच पावलाला घाट लागतो. आणि घाटाचे खर्चहि खरे असतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मोबाइलवरच्या एका साध्या संदेशांत इंग्रजी अक्षरें एकशेंसाठ मावतात. तोच संदेश देवनागरींत लिहिला तर साधारणतः सत्तर मणीच मावतात, आणि त्यांतले दहा एकटी ज्योत्स्ना खाऊन टाकते. पण घाट आहे म्हणून डोंगरच नालायक, असें कोणी म्हणत नाहीं.

शिवाय एकाच शब्दाला निरनिराळ्या लांब्या असणें ही गोष्ट आपल्याला नवी का आहे? छंदःशास्त्र तर याच पायावर उभें आहे. ‘ज्योत्स्ना’ हा शब्द अक्षरगणवृत्तांत घातला तर तीं दोन अक्षरें होतात. मात्रावृत्तांत घातला तर त्याच्या चार मात्रा होतात, कारण दोन्ही अक्षरें गुरु आहेत. थोरल्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे मोजतात. तेथें जोडाक्षराला एकच धरतात आणि काना-वेलांटीला स्वतंत्र मोल देत नाहींत. हेच चरण कोणी पायथनच्या हिशेबानें मोजूं लागला, तर साऱ्या संतांचे अभंग भंगलेले ठरतील! पण दोन पद्धतींचीं दोन उत्तरें आलीं म्हणून मराठी सदोष आहे, असें कोणत्याहि छंदःशास्त्रज्ञानें म्हटल्याचें मीं वाचलेलें नाहीं. त्यानें आधीं ठरविलें, मी काय मोजतों आहें. आणि मग मोजलें.

माळ आणि फेरा या दोन्ही गोष्टी आपल्या जुन्या पंडितांनीं किती आवडीनें हाताळल्या होत्या, याचा एक नमुना शाळेंत शिकलेल्या गणांतच आहे. यमाचा, राधिका, नमन, भास्कर हे शब्द वाचकांना आठवत असतील. संस्कृत शिकणारांना याहून आटोपशीर अशी एक माळ सांगतात: यमाताराजभानसलगं. अक्षरें दहा. पहिल्या अक्षरापासून तीन अक्षरें घ्या: यमाता, म्हणजे लघु-गुरु-गुरु, हा यगण. एक पाऊल पुढें सरका: मातारा, तिन्ही गुरु, हा मगण. पुन्हां एक पाऊल: ताराज, हा तगण. असें सरकत गेलें कीं आठ पावलांत आठहि गण हातीं लागतात, एकहि दोनदां येत नाहीं आणि एकहि सुटत नाहीं. शेवटचीं दोन अक्षरें गाळून उरलेल्या आठांची माळ गोल जोडली, तरी आठहि गण तसेच सांपडतात. अशा गोल माळांना आज गणिती लोक निकोलास डी ब्रॉइन या डच गणितज्ञाचें नांव देतात. त्याचा यावरचा निबंध 1946 सालचा आहे. नवशिक्याला लूप शिकवितांना यापेक्षां गोड उदाहरण मला तरी ठाऊक नाहीं.

आणि उलटी माळ? सोळाव्या शतकांतल्या दैवज्ञ सूर्यकवीनें रामकृष्णविलोमकाव्य रचलें. त्याचे श्लोक सुलट वाचले तर रामकथा निघते आणि उलट वाचले तर कृष्णकथा. अशी कसरत म्हणजे काव्याचा उत्कर्ष नव्हे, हें मी वर्गांतहि सांगतों. पण ती कसरत साधली कशी, हें येथें पाहण्यासारखें आहे. सूर्यकवि अक्षर उलटवितो, तेव्हां त्याचा काना आणि त्याची वेलांटी त्याच्याबरोबर जातात. आईनें घर बदललें तर कडेवरचें मूल जुन्या घरीं राहत नाहीं! त्याच्या मनांत ‘एक’ म्हणजे काय, हें आधीं निश्चित झालेलें होतें.

यावरून आमच्या ऋषींनीं संगणक शोधून काढला होता, असा निष्कर्ष कोणी कृपा करून काढूं नये. या देशांत अशा विधानांचें पीक भरघोस येतें, आणि तें खाऊन कोणाचें पोट भरत नाहीं. भाषेला कमी लेखणें आणि तिच्या नांवानें बढाई मारणें हीं एकाच आळसाचीं दोन रूपें आहेत. दोहोंमुळें मनुष्य वहींत चार ओळी लिहिण्याचा त्रास चुकवितो. मला सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, मोजण्यापूर्वीं व्याख्या करावी ही संवय आपल्याला होती, आणि यंत्रापुढें बसलों म्हणून ती सोडण्याचें कारण नाहीं.

त्या मुलीला मीं उत्तर दिलें नाहीं. एक प्रश्न दिला. “तूं टाळ्या वाजवून अक्षरें मोजतेस, तेव्हां नवी टाळी केव्हां वाजवितेस, तें मला एका वाक्यांत सांग.” ती दोन दिवस विचार करीत होती. तिसऱ्या दिवशीं तिनें वहींत जो नियम लिहून आणला तो असा: एक रिकामी यादी घ्यावी. शब्दांतला एकेक मणी उचलावा. तो काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग किंवा पाय मोडण्याचें चिन्ह असेल, तर त्याला वेगळें घर देऊं नये. आधींच्या गटांत घालावा. आधींचा गट पाय मोडण्याच्या चिन्हानें संपत असेल, तर येणारें व्यंजनहि त्याच गटांत घालावें. यांपैकीं कांहींच नसेल, तर नवा गट सुरू करावा. फेरा संपला कीं मणी उलटवूं नयेत, गट उलटवावेत.

त्याच्या दहाबारा ओळी झाल्या. तरुण शिक्षकांनीं तिला एकदोन ठिकाणीं हात दिला आणि मनापासून शाबासकीहि दिली. पडद्यावर ‘ठीराम’ उमटलें. मग ‘ती होडी जाडी होती’ हें वाक्य पास झालें, ‘रामाला भाला मारा’ पास झालें, आणि ‘नवजीवन’ हा शब्दहि दोहींकडून सारखाच वाचतां येतो, हा शोध तिचा तिनें लावला. मला विशेष मौज वाटली ती पुढें वाचनांत आलेल्या एका गोष्टीची. वाचणाराच्या दृष्टीनें ‘एक अक्षर’ कोठें तुटतें, याचे नियम युनिकोडनेंहि करून ठेवलेले आहेत. त्या नियमांत काना-मात्रा पूर्वींपासून व्यंजनाला जोडून धरीत. पण जोडाक्षर मात्र पाय मोडल्या जागीं तुटत असे, आणि ‘नमस्ते’चीं तीनऐवजीं चार अक्षरें होत. 2023 सालच्या आवृत्तींत देवनागरीसह कांहीं भारतीय लिप्यांसाठीं नियम जोडला गेला कीं, पाय मोडून जोडलेलीं व्यंजनें एकत्र ठेवावींत. म्हणजे जगांतल्या जाणत्यांनीं इतक्या उशिरा लिहून ठेवलेली गोष्ट आमच्या माणदेशच्या मुलीला टाळ्या वाजवितां वाजवितां सांपडली होती. तिच्यापाशीं त्या जाणत्यांहून अधिक विद्वत्ता नव्हती. तिच्यापाशीं मराठी होती.

माझ्या मतें नवशिक्यांच्या या सोप्या धड्याचें खरें मोल येथें आहे. यंत्र कोणाचा मान राखीत नाहीं आणि कोणाचा अपमानहि करीत नाहीं. तें फक्त विचारतें, ‘एक म्हणजे काय?’ इंग्रजी शब्दांनींच धडा गिरविणाऱ्या मुलाला हा प्रश्न ऐकूंच येत नाहीं, कारण त्याचें उत्तर कोणीतरी आधींच देऊन ठेवलेलें असतें. मराठी शब्द घेणाऱ्या मुलाला तो ऐकूं येतो, आणि त्या क्षणीं त्याच्या शेजारीं कोण आहे यावर पुष्कळ अवलंबून असतें. ‘इंग्रजी शब्दच घे’ असें म्हणणारा शेजारीं असेल तर मूल प्रोग्रॅम शिकेल. पण त्याबरोबर स्वतःच्या भाषेविषयीं एक खोटी गोष्टहि शिकेल. ‘थांब, हें असें कां झालें?’ असें विचारणारा असेल, तर तें प्रोग्रॅमहि शिकेल, आणि रोज तोंडांत असलेल्या भाषेकडे प्रथमच डोळे उघडून पाहील.

यासाठीं आईबापांना पायथन आलीच पाहिजे असें नाहीं. घरांत मूल पहिली स्ट्रिंग टाइप करीत असेल, तर आपलें नांव आपल्या लिपींत घालून पाहा, एवढें त्याला सांगावें. तें किती लांब भरलें, तें विचारावें. आणि उत्तर चमत्कारिक आलें तर हंसूं नये, घाबरूंहि नये. जेवतांना गप्प बसण्याऐवजीं त्या उत्तरावर दोन घटका बोलावें. ज्या घरांत छंद, बाराखडी आणि उलट्या शब्दांचे खेळ यांची आठवण अजून शिल्लक आहे, त्या घराला या संभाषणांत सांगण्यासारखें पुष्कळ आहे. आणि मुलाला तें इतर कोठेंहि ऐकावयास मिळणार नाहीं.